पूर्ण श्रमाचे अर्धे दाम

अमेरिकेत दरवर्षी एक विलक्षण दिवस पाळला जातो. त्याला सण म्हणता येत नाही आणि स्मृतिदिनही म्हणता येत नाही. ‘लॅटिना समान वेतन दिन’ असे त्याचे नाव. त्याची तारीख पंचांग पाहून नव्हे, तर गणित करून ठरते. गौरवर्णीय अमेरिकन पुरुष जानेवारी ते डिसेंबर या बारा महिन्यांत जेवढे कमावतो, तेवढे कमावण्यासाठी लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रीला पुढील वर्षाच्या कोणत्या दिवसापर्यंत राबावे लागते, तो हा दिवस. अलीकडच्या काही वर्षांत तो ऑक्टोबर महिन्यात येतो. म्हणजे बारा महिन्यांच्या मिळकतीसाठी जवळजवळ एकवीस महिन्यांचे श्रम! वर्षभर पूर्ण वेळ काम करणाऱ्या लॅटिना स्त्रीला, गौरवर्णीय पुरुषाच्या एका डॉलरमागे सुमारे ५८ सेंट मिळतात. अर्धवेळ आणि हंगामी काम करणाऱ्या स्त्रियांचा हिशेब त्यात मिळवला, तर हा आकडा आणखी खाली, निम्म्याच्या आसपास येतो.

‘संधींची भूमी’ म्हणून जगभर मिरवणाऱ्या राष्ट्रात असे का व्हावे? या प्रश्नाला तीन ठरावीक उत्तरे दिली जातात. ‘या स्त्रिया शिकलेल्या नाहीत’ हे पहिले. ‘त्या बेकायदा आलेल्या आहेत’ हे दुसरे. आणि ‘त्यांची संस्कृतीच त्यांना घराबाहेर पडू देत नाही’ हे तिसरे. तिन्ही उत्तरांत सत्याचा थोडाफार अंश आहे, आणि म्हणूनच ती अधिक फसवी आहेत. इतिहासाची पाने उलटली की निराळेच चित्र दिसते. या स्त्रिया मागे राहिल्या नाहीत. त्यांनी ज्या कामाला हात घातला, ते कामच कायद्याने मागे ठेवले.

एक नाव, अनेक प्रवाह

‘लॅटिना’ या एका शब्दात किती भिन्न जीवने कोंबली गेली आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. न्यू मेक्सिको, कॅलिफोर्निया हा सारा प्रदेश मेक्सिकोचा होता. १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहाने तो अमेरिकेकडे गेला आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे एका रात्रीत परदेशी ठरली. ती सीमा ओलांडून आली नव्हती. सीमाच त्यांच्या अंगणातून पुढे सरकली होती. प्युर्टो रिको १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात आले. तेथील लोकांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळाले, परंतु त्या बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आजही मत देता येत नाही. क्यूबातील कुटुंबे साम्यवादी राजवटीला कंटाळून आली, तर एल साल्वादोर आणि ग्वातेमालातील यादवीतून जीव वाचवून आलेल्यांची कहाणी निराळीच आहे.

या साऱ्यांना सरकारी खानेसुमारीने एका रकान्यात बसवले. २०२० च्या जनगणनेत या समाजाची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. त्यांतील बहुतेक जण अमेरिकेतच जन्मलेले असून सुमारे चार पंचमांश लोक अमेरिकेचे रीतसर नागरिक आहेत. त्यामुळे ‘लॅटिना म्हणजे बेकायदा स्थलांतरित’ हे समीकरण पहिल्याच पायरीवर कोसळते. अलीकडे विद्यापीठीय वर्तुळांतून ‘लॅटिनेक्स’ हा एक नवा लिंगनिरपेक्ष शब्द या समाजाच्या माथी मारण्याचा प्रयत्न झाला. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार तो शब्द स्वतःसाठी वापरणाऱ्यांचे प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेलेले नाही. ज्यांच्या वेतनाची चिंता फारशी कोणी केली नाही, त्यांच्या नावाची चिंता मात्र पुष्कळांनी केली, एवढाच त्याचा अर्थ.

या समाजातही पुन्हा उतरंड आहेच. अर्जेंटिनातून आलेल्या सुशिक्षित कुटुंबातील स्त्री आणि होंडुरासच्या खेड्यातून आलेली स्त्री यांच्या मिळकतीत मोठे अंतर असते. मध्य अमेरिकेतून आलेल्या स्त्रिया या उतरंडीच्या तळाशी आहेत. सरासरीचा आकडा वेदना सांगतो, पण ती कोणाची किती, हे सांगत नाही.

कायद्याने घातलेली कुंपणे

१९३० च्या दशकातील महामंदीनंतर राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत अमेरिकेने कामगारांसाठी तीन मोठे कायदे केले. १९३५ च्या एका कायद्याने वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाची सोय केली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने संघटना बांधण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा अधिकार दिला. १९३८ च्या कायद्याने किमान वेतन आणि जादा कामाचा जादा मोबदला निश्चित केला. अमेरिकेतील मध्यमवर्ग याच पायावर उभा राहिला, असे तेथील अर्थशास्त्री अभिमानाने सांगतात.

परंतु या तिन्ही कायद्यांतून दोन प्रकारचे कामगार वगळण्यात आले होते : शेतमजूर आणि घरकाम करणारे. ही वगळणूक अनवधानाने झालेली नव्हती. दक्षिणेकडील राज्यांच्या प्रतिनिधींना आपल्या मळ्यांत आणि स्वयंपाकघरांत राबणारा कृष्णवर्णीय मजूर स्वस्तच हवा होता आणि त्यांच्या मतांवाचून कायदे संमत होणार नव्हते. मात्र तेच कुंपण नैर्ऋत्येकडील राज्यांत मेक्सिकन वंशाच्या मजुरांभोवतीही पडले. त्यांतही स्त्रीभोवती दुहेरी पडले, कारण शेत आणि दुसऱ्याचे घर हीच तिची दोन कामाची ठिकाणे होती.

घरकाम करणाऱ्यांना किमान वेतनाचे संरक्षण मिळण्यास १९७४ साल उजाडावे लागले. शेतमजुरांना ते १९६६ मध्ये आणि तेही आरंभी मोठ्या शेतांपुरते मिळाले. आठवड्याला चाळीस तासांहून अधिक राबणाऱ्या शेतमजुराला जादा मोबदला देण्याचे बंधन केंद्रीय कायद्याने आजतागायत घातलेले नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने २०१६ मध्ये स्वतःचा कायदा करून ही उणीव टप्प्याटप्प्याने भरून काढली. पण प्रत्येक राज्य म्हणजे कॅलिफोर्निया नव्हे.

कुंपणे कधी कधी आकड्यांच्या रूपानेही उभी राहतात. कामाच्या ठिकाणी स्त्रीची छेड काढण्यास मनाई करणारा १९६४ चा केंद्रीय कायदा पंधरा किंवा अधिक नोकर असलेल्या मालकालाच लागू होतो. एका घरात एकटीच काम करणारी मोलकरीण या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. बाळंतपणासाठी किंवा आजारपणासाठी बारा आठवड्यांची रजा देणारा १९९३ चा कायदा पन्नास नोकरांपासून पुढे लागू होतो आणि ती रजाही बिनपगारी असते. उपाहारगृहात बक्षिसीवर जगणाऱ्या वाढपिणीचे केंद्रीय किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट हे १९९१ पासून तसूभरही हललेले नाही. बक्षिसी धरून किमान वेतन भरत नसेल तर उरलेली रक्कम मालकाने द्यावी, असा नियम आहे. तो पाळला जातो की नाही हे पाहण्याचे काम मात्र त्या वाढपिणीवरच येते. यांतील एकाही कायद्यात ‘लॅटिना’ हा शब्द नाही. आणि तरीही कुंपणाबाहेर कोण उभे आहे, हे पाहिले की तीच दिसते.

सॅन अँटोनियोचा धडा

‘या स्त्रिया मुकाट्याने सोसतात’ असा एक समज आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहराचा इतिहास त्याला छेद देतो. पेकन हे अक्रोडाच्या जातीचे फळ फोडून त्यातील गर काढण्याचा तेथे मोठा धंदा होता. कोंदट, धुळीने भरलेल्या शेडमध्ये हजारो मेक्सिकन स्त्रिया हाताने हे काम करीत. आठवड्याची मजुरी दोन-तीन डॉलर. तीही कमी करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ३१ जानेवारी १९३८ रोजी सुमारे बारा हजार कामगारांनी काम थांबवले. त्यांचे नेतृत्व केले एम्मा तेनायुका या अवघ्या एकवीस वर्षांच्या तरुणीने. ती विचाराने साम्यवादी होती आणि ते तिला पुढे भोवलेही. १९३९ मध्ये तिच्या सभेवर जमाव चालून गेला आणि अखेर तिला शहर सोडावे लागले. तिची विचारसरणी ज्यांना मुळीच मान्य नाही, त्यांनाही तिचे धैर्य आणि तिच्या मागणीतील न्याय नाकारता येणार नाही.

संप यशस्वी झाला, पण कथा तेथे संपत नाही. त्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा अमलात आला. कारखान्यात होणारे हे काम त्या कायद्याच्या कक्षेत येत होते. ताशी पंचवीस सेंट देण्याची वेळ येताच मालकांनी यंत्रे आणली आणि हजारो स्त्रियांचे काम गेले. कायद्याबाहेर ठेवले तर उपासमार आणि कायद्यात घेतले तर बेकारी, असा हा पेच होता. त्यातून निघणारा धडा महत्त्वाचा आहे. केवळ वेतनाचा आकडा वाढवून भागत नाही. ज्या हातांना एकच काम येते, त्या हातांना दुसरे कौशल्य देण्याची योजना सोबत नसेल, तर कायद्याचा लाभ यंत्राच्या पदरात पडतो.

द्राक्षमळ्यांतील लढा

१९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांत संप झाला. त्याची ठिणगी फिलिपिनो मजुरांनी टाकली आणि काही दिवसांतच मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. पाच वर्षे चाललेल्या या लढ्याचे नाव निघाले की सीझर चावेझ यांचे नाव घेतले जाते. त्यांच्यासमवेत १९६२ मध्ये शेतमजुरांची संघटना स्थापन करणाऱ्या, मळेमालकांशी टेबलावर समोरासमोर बसून कराराचे प्रत्येक कलम लढवणाऱ्या डोलोरेस हुएर्ता यांचे नाव मात्र दीर्घकाळ दुसऱ्या ओळीत राहिले. त्या मूळच्या प्राथमिक शिक्षिका. उपाशीपोटी, अनवाणी वर्गात येणाऱ्या शेतमजुरांच्या मुलांना शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आले की, या मुलांचे प्रश्न फळ्यावर सुटणारे नाहीत. अकरा मुलांची ही आई मळ्यामळ्यांतून हिंडली. १९७० च्या करारांनी वेतनवाढीबरोबरच शेतात पिण्याचे पाणी, शौचालये आणि घातक कीटकनाशकांपासून संरक्षण या गोष्टी पदरात पाडून घेतल्या. शेतात शौचालय नसण्याची शिक्षा पुरुषापेक्षा स्त्रीला किती अधिक भोगावी लागते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

‘सी, से पुएदे’, अर्थात ‘होय, हे शक्य आहे’ ही १९७२ ची घोषणा हुएर्तांचीच. पुढे २००८ च्या निवडणुकीत बराक ओबामा यांनी तिचेच इंग्रजी रूप देशभर गाजवले आणि २०१२ मध्ये हुएर्तांना सर्वोच्च नागरी सन्मान देताना ते ऋण मोकळेपणाने मान्य केले. या दोन टोकांच्या मध्ये १९८८ साल येते. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत शांततामय निदर्शने करताना पोलिसांच्या लाठीने त्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या.

या लढ्यांतून मिळालेल्या विजयांपैकी एक फार बोलका आहे. सॅलिनासच्या लेट्यूसच्या शेतांत मजुरांना मुद्दाम आखूड दांड्याचे खुरपे दिले जाई. त्याने काम करायचे तर दिवसभर कमरेत वाकूनच राहावे लागे. मजूर वाकलेला आहे की उभा आहे, हे मुकादमाला दुरूनच कळावे, हाही त्यामागचा एक हेतू. कित्येकांच्या पाठी कायमच्या निकामी झाल्या. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात या खुरप्यावर बंदी आली. लांब दांड्याने काम होत नाही, हा मालकांचा दावा खोटा ठरला आणि पिके पूर्वीइतकीच डौलाने उभी राहिली. अनेक विषमतांचे समर्थन ‘दुसरा उपायच नाही’ या एका वाक्यावर टिकलेले असते. आखूड दांड्याच्या खुरप्याची कथा हे वाक्य तपासून पाहण्यास शिकवते.

तथापि कायदा पुस्तकात असणे आणि शेतात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उन्हाच्या तडाख्यापासून शेतमजुरांना सावली व पाणी देण्याचा नियम करणारे कॅलिफोर्निया हे पहिले राज्य. तो नियम २००५ चा. २००८ च्या मे महिन्यात त्याच राज्यातील एका द्राक्षमळ्यात सतरा वर्षांची एक गर्भवती मुलगी उन्हात राबता राबता कोसळली आणि दोन दिवसांनी तिचा मृत्यू झाला. सावली जवळ नव्हती आणि पाणी लांब होते. संपूर्ण देशासाठी असा नियम करण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये प्रथमच मांडला गेला.

२०१७ मध्ये चित्रपटसृष्टीतील अभिनेत्रींनी निर्मात्यांच्या अत्याचारांना वाचा फोडली, तेव्हा त्यांना सर्वप्रथम पाठिंब्याचे पत्र लिहिणाऱ्यांत शेतमजूर स्त्रियांची राष्ट्रीय संघटना होती. सात लाख शेतमजूर स्त्रियांच्या वतीने लिहिलेल्या त्या पत्रात स्वतःच्या दुःखाचे भांडवल नव्हते, तर आम्हीही हे सोसले आहे, तुम्ही एकट्या नाही, असा धीर होता. ज्यांच्याकडे कॅमेरे वळले होते, त्यांना ज्यांच्याकडे कॅमेरा कधीच वळला नाही त्यांनी दिलेला हा आधार होता.

कूस आणि कागद

विषमता केवळ वेतनाच्या पाकिटात असती, तरी ती सुसह्य म्हणता आली असती. परंतु ती स्त्रीच्या देहापर्यंत पोहोचली होती. प्युर्टो रिकोत १९३७ च्या कायद्याने निर्बीजीकरणास मोकळीक मिळाली आणि ‘लोकसंख्येचा प्रश्न’ सोडवण्याच्या नावाखाली त्या शस्त्रक्रियांचा प्रसार करण्यात आला. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तेथील वीस ते एकोणपन्नास वयाच्या मातांपैकी सुमारे एक तृतीयांश मातांचे निर्बीजीकरण झालेले होते. त्याच बेटावर, रिओ पिएद्रास येथे १९५६ मध्ये गर्भनिरोधक गोळीच्या चाचण्या झाल्या. गोळीतील औषधाची मात्रा आजच्या कितीतरी पट होती आणि आपल्यावर प्रयोग चालला आहे, हे त्या स्त्रियांना सांगितले गेले नव्हते. जगातील कोट्यवधी स्त्रियांना जे स्वातंत्र्य त्या गोळीने दिले असे म्हणतात, त्याची किंमत कोणी चुकवली, हे क्वचितच सांगितले जाते.

लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात १९७० च्या सुमारास प्रसूतीसाठी आलेल्या मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांचे असेच निर्बीजीकरण होत असे. प्रसूतिवेदनांनी तळमळणाऱ्या, इंग्रजी न कळणाऱ्या मातेपुढे इंग्रजी संमतिपत्र धरले जाई. अशा दहा स्त्रियांनी न्यायालयाचे दार ठोठावले. १९७८ मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, घडली ती केवळ संवादातील उणीव, असे न्यायाधीशांना वाटले. दावा हरूनही त्या स्त्रियांनी जिंकलेली गोष्ट मोठी होती. संमतिपत्रे रुग्णाच्या भाषेत असावीत आणि संमती व शस्त्रक्रिया यांत काही काळ जावा, असे नियम या काळातील आंदोलनांमुळेच आले. या आंदोलनांतील एक अग्रणी, प्युर्टो रिकन वंशाच्या डॉ. हेलन रॉड्रिग्ज ट्रायस पुढे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य संघटनेच्या पहिल्या लॅटिना अध्यक्ष झाल्या. लॉस एंजेलिसच्या प्रशासनाने त्या मातांची औपचारिक क्षमा मागितली, ती २०१८ मध्ये. जन्मास न आलेल्या मुलांचे वय तोवर चाळिशीच्या पुढे गेले असते.

शाळेचे दार

‘या स्त्रिया शिकत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी शाळेची दारे केव्हा उघडली, हेही सांगितले पाहिजे. कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या आणि हलक्या शाळा होत्या. वेस्टमिन्स्टर गावात १९४३ मध्ये मेंडेझ कुटुंबातील मुले शाळेत नाव घालण्यास गेली. सोबतच्या गोऱ्या वर्णाच्या आतेभावंडांना प्रवेश मिळाला. सावळ्या सिल्व्हिया मेंडेझला आणि तिच्या भावांना नाकारण्यात आला. वडील गोन्झालो न्यायालयात गेले. खटल्याच्या काळात प्युर्टो रिकोत जन्मलेल्या आईने, फेलिसितास मेंडेझ यांनी, सारी शेती एकटीने सांभाळली. ते शेतही महायुद्धामुळे छावणीत डांबलेल्या एका जपानी-अमेरिकन कुटुंबाकडून खंडाने घेतलेले होते. १९४७ मध्ये अपिलातही मेंडेझ कुटुंब जिंकले आणि कॅलिफोर्नियातील शाळांतील हा भेद कायद्याने संपला. कायद्यावर स्वाक्षरी करणारे गव्हर्नर अर्ल वॉरन यांनीच पुढे १९५४ मध्ये सरन्यायाधीश म्हणून साऱ्या देशातील शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला.

दार उघडल्यावर या मुलींनी काय केले, हे जगासमोर आहे. एलन ओचोआ १९९३ मध्ये अंतराळात गेल्या. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेल्या, नवव्या वर्षी पितृछत्र हरपलेल्या आणि परिचारिका असलेल्या आईच्या कष्टांवर शिकलेल्या सोनिया सोटोमायोर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. सर्वसामान्य घरांतही बदल दिसतो. २०१३ ते २०२३ या दशकात पंचविशी ओलांडलेल्या लॅटिनांमध्ये पदवीधरांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर गेले.

परंतु येथेच पहिल्या उत्तराचा फोलपणा उघड होतो. शिक्षणाने मिळकत वाढते, पण दरी मिटत नाही. पदवीधर लॅटिना आणि पदवीधर गौरवर्णीय पुरुष यांच्या वेतनातही मोठे अंतर राहतेच. कर्ज काढून शिकलेल्या मुलीला कमी पगार मिळाला, तर तेच कर्ज फेडण्यास तिला अधिक वर्षे लागतात आणि घर घेणे, बचत करणे, म्हातारपणाची तरतूद करणे हे सारे तितकेच लांबणीवर पडते. वेतनातील दरी ही अशी संपत्तीतील दरी बनते आणि वारशाने पुढच्या पिढीकडे जाते.

कुटुंब : बळ आणि ओझे

आता तिसरे उत्तर : संस्कृती. लॅटिन समाज कुटुंबवत्सल आहे. आजी-आजोबा, आत्या-मावश्या, चुलत-मावस भावंडे यांचा गोतावळा तेथे आजही जिवंत आहे. अमेरिकेतील अनेक समाजशास्त्रज्ञांनी या कुटुंबनिष्ठेकडे प्रगतीतील अडथळा म्हणून पाहिले. मुलगी दूरच्या विद्यापीठात जात नाही, कारण घरी धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते, हा त्यांचा युक्तिवाद.

पण त्याच कुटुंबाची दुसरी बाजू आरोग्यशास्त्राने दाखवून दिली आहे. लॅटिन समाजात आरोग्य विमा नसणाऱ्यांचे प्रमाण मोठ्या समाजगटांत सर्वाधिक आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण लॅटिना स्त्रियांत गौरवर्णीय स्त्रियांहून अधिक आहे. उत्पन्न कमी, दवाखाना दूर. असे असूनही लॅटिना स्त्रीचे सरासरी आयुर्मान गौरवर्णीय स्त्रीपेक्षा अधिक भरते. तज्ज्ञ याला विरोधाभास म्हणतात. धूम्रपानाचे कमी प्रमाण आणि धडधाकट माणसेच स्थलांतर करतात ही वस्तुस्थिती, अशी कारणे त्यामागे आहेत. त्यांच्याच जोडीला अनेक अभ्यासक घट्ट कौटुंबिक बंधांचाही उल्लेख करतात. म्हातारपणी एकटे न पडणे हेही एक औषधच आहे.

मात्र कुटुंबाचे गोडवे गाताना ते कोणाच्या खांद्यावर उभे आहे, याचा विसर पडू नये. दिवसभर दुसऱ्याचे मूल सांभाळून घरी आलेल्या स्त्रीसमोर स्वतःच्या घरातले काम वाट पाहत असते. त्यातून वाचवलेले पैसे ती गावी आईकडे धाडते. २०२३ मध्ये एकट्या मेक्सिकोत परदेशस्थांनी धाडलेली रक्कम ६० अब्ज डॉलर्सहून अधिक होती. त्यात अशा असंख्य स्त्रियांचा वाटा आहे. २०२० च्या महामारीत उपाहारगृहे, हॉटेले आणि घरकामे बंद झाली, तेव्हा एप्रिल महिन्यात लॅटिना स्त्रियांतील बेकारी सुमारे वीस टक्क्यांवर गेली. शाळा बंद पडल्याने ज्यांची कामे टिकली त्यांच्यापुढेही मूल की नोकरी, असा प्रश्न उभा राहिला. कुटुंब हे बळ आहे यात संशय नाही. पण समाज आणि शासन यांनी जी जबाबदारी टाळली, ती सारी एका स्त्रीच्या डोक्यावर ठेवून तिला संस्कृतीचे गोंडस नाव देणे, हा संस्कृतीचा सन्मान नव्हे.

भारतीयांचे जुने नाते

भारतीयांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातून कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात गेलेल्या शेतकऱ्यांना १९१७ च्या कायद्यामुळे मायदेशातून कुटुंब आणता येईना आणि १९१३ च्या कायद्यामुळे जमीन नावावर करता येईना. त्यांतील अनेकांनी शेजारच्या मळ्यांत राबणाऱ्या मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. अमेरिकेत तेव्हा सर्वच भारतीयांना ‘हिंदू’ म्हणत. त्यामुळे ही कुटुंबे ‘मेक्सिकन-हिंदू’ म्हणून ओळखली गेली. ज्या काळात भारतीयांना त्या देशात कायद्याने थारा नव्हता, त्या काळात त्यांचे घर उभे केले ते या स्त्रियांनी.

आज चित्र पालटले आहे. भारतीय वंशाची कुटुंबे अमेरिकेत सर्वाधिक उत्पन्न मिळवणाऱ्यांत गणली जातात. सॅन होजे, फ्रीमाँटच्या परिसरात मोठ्या संख्येने मराठी अभियंते राहतात, गणेशोत्सव थाटाने साजरा होतो, मराठी शाळा चालतात. आणि तेथील अनेक घरांत पंधरवड्यातून एकदा सफाईस येणारी, मूल सांभाळणारी, भारतातून आलेल्या आजारी आजीला उठवून बसवणारी बाई बहुधा लॅटिना असते. न्यूयॉर्कने २०१० मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये घरकामगारांच्या हक्कांचे कायदे केले. पण बंद दाराआड कोणताही निरीक्षक येत नाही. तेथे कायदा पाळला जातो की नाही, हे केवळ त्या घराच्या सचोटीवर अवलंबून असते. ठरलेले वेतन, आजारपणाची भरपगारी रजा, जादा तासांचा जादा मोबदला एवढे जरी प्रत्येक घराने स्वतःहून पाळले, तरी एका जुन्या ऋणाचा काही अंश फिटेल.

आपल्या सीमा राखण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे आणि तो अमेरिकेलाही आहे, याविषयी वाद नाही. परंतु सीमेच्या प्रश्नाचे ओझे कोणावर पडते, हेही पाहिले पाहिजे. २०२५ च्या जून महिन्यात लॉस एंजेलिस परिसरात धरपकड सुरू झाली, तेव्हा कागदपत्रे असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या मजुरांत भीती पसरली. मजुराच्या कागदपत्रांकडे वर्षानुवर्षे काणाडोळा करून त्याचे स्वस्त श्रम घेणारा मालक सहीसलामत राहतो आणि शिक्षा होते ती श्रम देणाऱ्याला, हा न्याय तोकडा आहे. शिवाय भीतीने ग्रासलेली स्त्री थकलेले वेतन मागत नाही, मुकादमाची तक्रार करत नाही. तिच्या मौनामुळे शेजारी राबणाऱ्या नागरिक स्त्रीचीही मजुरी खाली येते.

प्यूच्या २०२४ मधील पाहणीत, गेल्या दशकात आपली स्थिती सुधारली, असे निम्म्या लॅटिनांनी सांगितले. हा आशावाद त्यांनी कमावलेला आहे. तो कोणी बहाल केलेला नाही. पेकन फोडणाऱ्या हातांनी, वाकलेल्या पाठींनी, इंग्रजी कागदापुढे निरुपाय झालेल्या मातांनी तो पुढच्या पिढीच्या हाती दिला आहे. आता प्रश्न अमेरिकन समाजापुढे आहे. जे काम नसेल तर शेतातले पीक सडेल, घरातले मूल रडेल आणि अंथरुणावरचा वृद्ध तहानलेला राहील, त्या कामाला हलके म्हणण्याचा अधिकार त्या समाजाला कोणी दिला? १९३८ मध्ये कायद्याने आखलेली ती रेषा ज्या दिवशी पूर्णपणे पुसली जाईल, त्या दिवसापासून समान वेतन दिनाची तारीख ऑक्टोबरकडून जानेवारीकडे सरकू लागेल.